कुंभारणीचं घर

आत्या : नाही, आधी डोळे मीट. मग काय ते बोल.

बाबा : ताई, मी सकाळपासून तुझी फरशी घासतोय. माझी कंबर...

आत्या : कंबर नंतर. भिंगरी, तूही मीट, तुझ्या बाबांना एकट्याला लाज वाटत असेल. मिटले? आता समजा, तुम्ही एका खोलीत आहात. अंगठ्याच्या टोकाएवढी खोली, मातीची. खिडकी नाही, दार नाही, नुसता अंधार. पण भीती वाटत नाही, कारण उजेड कसा असतो ते तुम्ही पाहिलेलंच नाही. आईनं जाण्याआधी उशाशी खाऊ रचून ठेवलाय. तो संपवायचा आणि झोपायचं. जाग येईल तेव्हा पंख फुटलेले असणार.

बाबा : पंख?

आत्या : मध्ये बोलू नकोस. तर अशी गाढ झोप लागलेली असताना बाहेरून आवाज येतो. खर्र, खर्र. सगळी भिंत हादरते. कसला आवाज तो?

बाबा : मला काय ठाऊक.

आत्या : डोळे उघड आणि तुझ्या हातात काय आहे ते बघ.

बाबा : ही लोखंडी पट्टी आहे. तुझ्या खिडकीच्या चौकटीला चिखलाचा गोळा चिकटला होता, तो हिनंच काढला. वर रंगाचा हात मारला. आभार मानू नकोस, पण घोटभर पाणी तरी विचार.

आत्या : तो चिखल नव्हता. ते कुंभारणीचं घर होतं.

बाबा : कुंभारणीचं घर म्हणजे हे. उभे आहोत ना आपण त्यात.

आत्या : काय म्हणालास?

बाबा : फोनवर तूच म्हणालीस की, 'मी येईपर्यंत कुंभारणीचं घर नीट सांभाळ, हयगय करू नकोस.' मी म्हटलं, ताई स्वतःबद्दल बोलतेय. मातीत हात घातलास तेव्हापासून आपल्याकडे तुला दुसऱ्या नावानं कोण हाक मारतं? आई तर शेवटपर्यंत कुंभारीणच म्हणायची.

आत्या : चिडवायला म्हणायचात तुम्ही सगळे. मी कधी म्हटलंय स्वतःला?

बाबा : नाही ना. म्हणून तर बरं वाटलं. म्हटलं, एवढ्या वर्षांनी ताईनं स्वतःची थट्टा केली. म्हणून रजा टाकली, जळमटं काढली, फरशी घासली, ती खिडकी...

आत्या : त्या खिडकीबद्दल बोलू नकोस. कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची माशी. महिनाभर मी तिच्याशिवाय दुसरं काही बोललेय का?

बाबा : महिनाभर तू माझा फोन तरी उचललायस का?

आत्या : उचलला असता तर ती उडून गेली असती. माझ्या हातापासून वीतभर अंतरावर घर बांधत होती ती. पोटात पाणी घेऊन यायची. कोरड्या मातीवर थेंब सोडायची आणि तोंडानं मळायची. पायानं नाही, तोंडानं. मोहरीएवढी गोळी झाली की उडायची. एक गोळी, एक खेप. खोली पुरी झाली की आत अंडं घालायची, मग हिरव्या अळ्या आणून भरायची. मारलेल्या नाहीत, नुसत्या सुन्न केलेल्या, म्हणजे पिल्लाला ताजं मिळेल. मग तोंड बंद करायची आणि पुढच्या खोलीला लागायची. अशा तीन खोल्या होत्या त्या 'चिखला'त.

बाबा : बरं. मला माहीत नव्हतं. चुकलं.

आत्या : चुकलं म्हणून भागतं? भिंगरी इथेच होती ना तुझ्याबरोबर? तिला माहीत होतं. सगळं शिकवलंय मी तिला. काय गं, बाबांना सांगितलं नाहीस? बोल की. मान काय हलवतेस? मिठाची गुळणी धरून काय उभी आहेस?

बाबा : तिला कशाला बोलतेस? ती काल रडली होती पट्टी बघून. मला वाटलं, चौकटीचा रंग आवडला नाही.

आत्या : वाटलं. सगळं तुला वाटतंच. कधी विचारत नाहीस. आणि ही बघ, चालली परत मागे.

बाबा : मघापासून मोरी आणि मागचं दार, एवढंच चाललंय तिचं. पोट बिघडलं असेल. तू ओरडतेस म्हणून.

आत्या : मी ओरडतच नाहीये.

बाबा : रस्त्यापर्यंत ऐकू जातंय, ताई.

आत्या : केर कुठे आहे? सुपलीतला केर, कालचा. कुठे टाकलास?

बाबा : सकाळी कचऱ्याची गाडी येऊन गेली.

आत्या : गेली. म्हणजे संपलंच.

बाबा : अगं, माश्या काय कमी आहेत का जगात? दुसरी येईल, दुसरं बांधेल. तू तर अशी बसलीस की जणू घरातलं कुणी... ताई. ए ताई, खाली बसू नकोस, फरशी ओली आहे.

आत्या : ते कोपऱ्यात काय आहे, सांग.

बाबा : रांजण.

आत्या : रांजण नाही तो.

बाबा : मग रांजणासारखं काहीतरी. कमरेएवढं. रविवारी प्रदर्शनात ठेवणार आहेस ते. त्यावर पण खरखरीत गोळ्या गोळ्या होत्या, त्यांना मी हातही लावला नाही. घासायला घेणार होतो खरं तर.

आत्या : देवा. अरे, त्या गोळ्या म्हणजेच ते काम आहे. चाकावर फिरवलेलं नाही ते. महिनाभर एकेक गोळी मळून लावली मी, तिच्याच बरोबर. ती खेप करायची तेव्हा मी एक लावायची. ती थांबली की मी थांबायची. लोक काय करतात, फुलपाखरू आवडलं की फुलपाखराचा आकार काढतात. तो तर फोटोतही येतो. मला तिचा आकार नको होता, तिची रीत हवी होती. हाताला कळायला हवं होतं, एका वेळी तोंडात मावेल एवढीच माती मिळाली तर घर कसं होतं ते.

बाबा : झालं की घर. मग अडलंय कशावर?

आत्या : दारावर. त्याला दार कुठे दिसतंय तुला?

बाबा : नाही. तेच मी भिंगरीला म्हणत होतो, तोंडच नसलेला रांजण काय कामाचा.

आत्या : पहिल्या खोलीतली आज-उद्याकडे बाहेर येणार होती. आतून कुरतडत. कुठून येते, वरून, बाजूनं, भोक केवढं पाडते, हे मला बघायचं होतं. मग माझ्या घराला मी तिथेच दार पाडणार होते. तिनं दाखवलं असतं तिथे.

बाबा : एवढंच ना? मग पाड एक भोक. मी धरतो.

आत्या : धर, धर. तू आणि तुझी पट्टी. अरे, जो आत राहतो त्यानं आतून पाडलं तर ते दार. बाहेरच्यानं पाडलं तर भगदाड. हे भिंगरीला कळतं, तुला कळत नाही.

बाबा : हो, मला नाहीच कळत. मी कारकून माणूस. पण मलाही काही कळतं. माझा पाय मोडला होता तेव्हा तू कुठे होतीस?

आत्या : आता पाय कुठून आला मध्ये?

बाबा : गोगलगाय बघत बसली होतीस. दवाखान्यात सगळे येऊन गेले, शेजारचा कुत्रावालासुद्धा येऊन गेला. तू आलीस ती प्लास्टर काढायच्या दिवशी. आणि 'कसा आहेस' म्हणायच्या आधी डॉक्टरांना काय विचारलंस?

आत्या : ते प्लास्टर टाकणार आहात का, म्हणून विचारलं.

बाबा : आणि काखोटीला मारून घेऊन गेलीस.

आत्या : कोशासारखं दिसत होतं ते. आतून बाहेर पडल्यावर उरतं ना, तसं. माझं चांगलं काम झालं त्यावर.

बाबा : त्यातून मी बाहेर पडलो होतो, ताई. मी. तुला कोश दिसला. अळी दिसते, माशी दिसते, तिच्या पिल्लाची झोप दिसते. भावाचंच तेवढं दिसत नाही.

आत्या : तू बोलला नाहीस तेव्हा.

बाबा : तुझी ती कुंभारीण बोलली होती का?

भिंगरी : (मागच्या दारातून येत) आत्या.

आत्या : थांब गं. नाही, ती बोलली नव्हती. मी बघत होते म्हणून...

भिंगरी : आत्या, घट्ट मळलेली माती ओली असताना गडद दिसते ना? मग वाळल्यावर फिकी झाली तर ती चांगली वाळली की भेगाळणार?

आत्या : हे काय मध्येच? आणि तुझ्या दातांना काय लागलंय?

बाबा : बघू. माती? भिंगरी, माती खाल्लीस तू?

भिंगरी : खाल्ली नाही. मळली.

आत्या : कशानं मळली?

भिंगरी : तोंडानं. आधी हातानं करून बघितली, तर पाणी जास्त व्हायचं आणि गोळी पसरायची. तू म्हणाली होतीस ना, तोंडात मावेल तेवढंच. म्हणून गालात पाणी धरून न्यायचं, थोडं थोडं सोडायचं. मघाशी तू विचारलंस तेव्हा गालात पाणी होतं.

आत्या : कुठे नेत होतीस पाणी?

भिंगरी : मागे. खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर, कुंडीच्या आड. काल बाबांनी काढलं ना, तेव्हा ते सुपलीत एकाच तुकड्यात पडलं. दोन खोल्यांना काही झालं नाही. शेवटची फुटली होती. आत हिरव्या अळ्या होत्या आणि एक पांढरं बाळ. मी फुंकर मारली तर हललं.

आत्या : हललं?

भिंगरी : थोडंसं. मग मी सुपलीतून उचललं आणि फुटलेली बाजू बंद करत बसले. बाबांना सांगितलं नाही, कारण ते म्हणाले असते, शी, टाक ते.

बाबा : म्हणालो असतो.

आत्या : आणि दार? दार ठेवलंस त्याला?

भिंगरी : मी कशाला? ते त्याचं ते पाडेल.

आत्या : ऐकलंस?

बाबा : ऐकलं. टोमणा नको.

आत्या : टोमणा नाही मारत. मलाच सांगतेय.

बाबा : मग आता रविवारचं काय? रांजण जाणार का?

आत्या : पहिलीनं तोवर दार दाखवलं तर जाईल. नाहीतर तिथली जागा रिकामी ठेवीन.

बाबा : म्हणजे माझी रजा, माझी कंबर, सगळं पाण्यात.

आत्या : कमरेला शेक देते. पण राग गेलेला नाही हं माझा.

बाबा : माझाही गेलेला नाही. पाय माझा होता.

आत्या : तो तुझाच होता, अरे. कबूल. पण म्हणून तू येऊन खिडक्या...

बाबा : पुन्हा खिडकी. मी म्हणतो, एकदा तरी भावाला नीट सांगितलं असतंस, माशी म्हणाली असतीस, तर...

भिंगरी : तुम्ही दोघं पुढच्या खोलीत जाऊन भांडा ना. इथलं कट्ट्यावर ऐकू जातं. आणि तिथे अजून एक भेग राहिलीय.

(भिंगरी मोरीत जाते. नळाचा आवाज येतो आणि थांबतो. ती परत येते आणि दोघांच्या मधून मागच्या दाराकडे जाते.)

आत्या : भिंगरी, थांब, मी पण येते. अगं, किती मोठी भेग आहे? वरच्या बाजूला आहे की खाली? बोल ना.

बाबा : हळू, ताई. खरंच गुळणी धरलीय तिनं.