फाइलचा मालक आणि छापखान्याचा मालक

...आणि वर बहिणीच्या सासरचे मलाच फोन करून सांगतात काय, तर ‘तुमच्या बहिणीनं आम्हाला आमच्याच घरात कोंडलंय.’ कोंडलंय म्हणे. अहो, कोंडली गेलीय ती! तुम्हाला सांगतो, माझ्या धाकट्या बहिणीचा गुन्हा एकच, ती कॉम्प्युटर शिकून सासरी गेली. सासर म्हणजे छापखाना. खाली मशीन, वर घर, मधे जिना, आणि त्या जिन्यावरून दिवसभर एकच आरोळी : ‘अगं, मला उघडत नाही.’

काय उघडत नाही? फाइल. का उघडत नाही? तेच तर. मोठ्या जाऊबाई डिझाइन करतात, त्यांना मॅकच लागतो, दुसऱ्याला हात लावत नाहीत. मोठे दीर हिशेब बघतात, ते विंडोजवर. आणि सगळ्यांच्या फाइली राहतात कुठे, तर जिन्याखालच्या एका काळ्या डब्यात, त्याच्या पोटात लिनक्स. आता हे तिघं म्हणजे तीन तऱ्हेची माणसं. एकाला ‘आत ये’ म्हटलं की दुसऱ्याला ते ‘चालता हो’ ऐकू येतं. मॅकवरून फाइल ठेवली की विंडोजवाला बाहेर, विंडोजवाल्याला आत घेतला की खालचा मशीनवाला बाहेर. मग येतातच जिन्यावरून, ‘मला उघडत नाही.’

पण पोरगी जिद्दीची. बसली, डोकेफोड केली, आणि लावली शिस्त. ‘छपाईसाठी’ असं एक फोल्डर केलं. त्यात जाऊबाई फाइल ठेवणार, बदलणार. मशीनवाला फक्त वाचणार, त्यावरून छपाईची प्लेट काढणार. बाकीच्यांनी बघायचं, हात नाही लावायचा. आणि काय सांगू, जिना शांत. कुणाच्या तक्रारी नाहीत, कामं वेळेवर... आता माणसानं सुखात राहावं की नाही?

एका सकाळी सासऱ्यांनी सहज एका फाइलवर उंदीर फिरवला. तिथं लिहिलेलं : मालक, आणि पुढं जाऊबाईंचं नाव. झालं. चहा राहिला बाजूला. ‘सूनबाई, हा छापखाना कुणाचा?’

‘तुमचाच, बाबा.’

‘मग हे काय आहे?’

‘बाबा, जो फाइल बनवतो त्याला तो डबा मालक म्हणतो. नुसती म्हणायची पद्धत आहे.’

‘मी जिवंत असताना मालकी परस्पर थोरल्या सुनेच्या नावावर, आणि म्हणायची पद्धत? आणि माझ्यापुढं काय लिहिलंय? वाचता येतं, लिहिता येत नाही. मला लिहिता येत नाही?’

घ्या. सासरे तीन दिवस कुणाशी बोलेनात. जाऊबाईंना वाटलं हिनं मुद्दाम लावून दिलं, त्या हिच्याशी बोलेनात. शेवटी हुकूम आला : सगळं सगळ्यांना उघडं. ही म्हणाली, ‘नको, कुणाचा तरी हात चुकून लागेल.’ आणि आमचे मेहुणे, तिचे यजमान, पाठीशी उभं राहायचं सोडून म्हणतात, ‘बाबा म्हणतायत तर करून टाक ना.’ करून टाक ना! मी तिथं असतो तर... जाऊ दे. तिनं दिलं करून.

आता ऐका. लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाबरोबर घडी घातलेला कागद असतो ना, तो छापायला आला होता. कंपनीनं चूक कळवली : दीड चमचा नाही, अर्धा चमचा. जाऊबाईंनी दुरुस्त केलं, छपाईच्या फोल्डरमध्ये ठेवलं. जेवताना कुरकुरल्याही, ‘एका दीडचं अर्धा करायला सगळं पान हलवावं लागलं.’ दुपारी दिरांना वाटलं, आपल्याकडेही आहे की ही फाइल, ठेवू नीट जागेवर. टाकली ओढून. कॉम्प्युटरनं विचारलं, ‘इथं याच नावाची फाइल आहे, तिच्या जागी ही ठेवू का?’ तिचे दीर कुठल्याही प्रश्नाला ‘हो’ म्हणतात. लग्नही तसंच झालं त्यांचं. दाबलं ‘हो’. नवी गेली, जुनी बसली.

मशीनवाल्यानं प्लेट काढली, मशीन सुरू. दुसऱ्या कुठल्याशा फाइलसाठी त्यानंच हाक मारली, ‘वहिनी, मला उघडत नाही.’ ही खाली गेली. गठ्ठ्यावरचा कागद उगाच उचलला आणि वाचला. दीड चमचा. तिचं स्वतःचं लेकरू वर खोकत होतं. तिनं काही विचारलं नाही, सांगितलं नाही, सरळ लाल बटण दाबून मशीन बंद केलं.

सगळे धावत खाली. सासरे ओरडले, ‘चालतं मशीन कुणाला विचारून थांबवलंस?’ तिनं कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग म्हणाले, ‘या फोल्डरला सगळ्यांचे हात लागू दिले कुणी?’

ही म्हणाली, ‘तुम्ही, बाबा.’

छापलेलं सगळं रद्दीत गेलं. एकही कागद बाहेर पडला नाही, तेवढं नशीब. संध्याकाळी सासरेच म्हणाले, ‘कर पहिल्यासारखं बंद.’ आणि ती वळली तोच खालच्या आवाजात, ‘माझ्यापुरतं तेवढं उघडं ठेव.’ मागून दीर, ‘माझ्यापुरतं पण.’ मागून आमचे मेहुणे!

मी फोनवर तडकलो, ‘सोड तो डबा, माहेरी ये.’ ती म्हणाली, ‘दादा, ओरडू नकोस, मी सोय केलीय.’ काय सोय? छपाईचं फोल्डर पहिल्यासारखं बंद, आणि ‘मुख्य मालक’ नावाचं एक नवं फोल्डर. सासऱ्यांना त्यात वाचता येतं, लिहिता येतं, पुसता येतं, सर्वाधिकार. आत काहीच नाही. रोज सकाळी सासरे तिथं जातात, दोन फोल्डर बनवतात, दोन्ही पुसतात आणि प्रसन्न मनानं चहा घेतात.

परवा फोन आला. म्हटलं, आता तरी शांतता आहे ना? म्हणाली, ‘होती. आज मोठे भावजी रुसून बसलेत. म्हणतात, बाबांचं ते रिकामं फोल्डर मला उघडत नाही.’