सोपे विषय

—नाही हो सर, मान अशी वळवू नका, कान जाईल हातात! तर काय, पोरीच्या प्रवेशाचं विचारत होतात? झालाच म्हणायचा. चौऱ्याण्णव टक्के, खायचं काम आहे का! तुमच्या वर्गात होती तेव्हा गणितात साठीच्या वर हलायची नाही, आणि आता बघा. हां… गणित सोडलं ना तिनं. शाळाही बदलली. झेपत नव्हतं हो तिला — नाही, झेपत होतं. तुम्हीच म्हणाला होतात, हिला वेळ लागतो, पण एकदा कळलं की पक्कं कळतं. मीच मागे लागलो, सोपे विषय घे, त्या दुसऱ्या शाळेत मार्क सढळ हातानं देतात. या खुर्चीत बसणारा जो तो आपल्या पोरांचे टक्के सांगतो, आणि मी आपला दाढीचा फेस करतोय. मलाही सांगायचे होते हो कुणाला तरी.

डोकं जरा खाली — विद्यापीठात मुलाखतीला बोलावलं होतं, इंजिनिअरिंगसाठी. मला वाटलं, टक्के बघून मुलाखत घेणाऱ्या बाई खूश होतील. कसलं काय! म्हणाल्या, या शाळेत निम्मा वर्ग नव्वदीच्या वर असतो, आम्ही नुसते टक्के नाही बघत, शाळा बघतो, विषय बघतो. जुन्या शाळेतले गणिताचे साठ आणले असतेस तरी विचार केला असता. मग विचारलं, गणित का सोडलंस? रागावून नाही हो, अगदी मायेनं.

आणि पोरगी काय म्हणाली? ‘मला कंटाळा यायचा.’ कंटाळा! बाबा, गणित राहू द्या ना म्हणून रडली होती माझ्यापुढे. आणि मी शेजारीच, नवा शर्ट घालून बसलेलो. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा — ‘मी सोडायला लावलं,’ एवढंच तर म्हणायचं होतं — मी खिडकीबाहेर बघत बसलो. परतताना बसमध्ये तीच मला विचारते, ‘बाबा, पाणी देऊ?’ बाटली घेतली आणि तशीच परत दिली सर.

नाही, प्रवेश नाही मिळाला. मघाशी उगाच बोललो. गणित करून पुढच्या वर्षी ये म्हणाल्या. तुम्ही… नाही, कुठल्या तोंडानं विचारू — शिकवाल? खरंच? वरच आहे की ती, माडीवर. हाक मारू? मी? त्या दिवसापासून तिच्याशी धड बोललो नाही हो, जेव म्हणतो, दार लाव म्हणतो, बस. ती समजूतदार आहे म्हणता? तेच तर! चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं —

जिन्यावर वाजलं. आलीच. ये गं, सर आलेत. नाही, चहा नको ठेवूस, थांब. अगं, त्या दिवशी बाईंना तू जे सांगितलंस ना, ते — बस, या बाकावर बस आधी.

सर, राहू द्या तो टॉवेल गळ्यात. तुम्ही जरा बाहेर थांबा.