आवाज वाढवणारा हेडफोन

धाकटी : राजीनामा राहू दे गं ताई! आधी इकडे स्क्रीनवर बघ.

थोरली : काय बघू? दुकान दिसतंय. मला काही घ्यायचं नाहीये.

धाकटी : दुकान कसलं, आपल्या हॉस्पिटलचंच पान आहे! कालपासून सगळ्यांना खुलं केलंय. खुर्ची, पंखा, प्रिंटरची शाई, हवं ते आपलं आपण मागवायचं. आमच्या हिशेब विभागात तर सकाळपासून नुसती झुंबड उडालीय!

थोरली : आणि हे काय, गालिचा धुवायला माणसं? तीही मागवता येतात?

धाकटी : येतात! पण तू खाली ये... अजून खाली... हं! वाच.

थोरली : "टेलिफोन ऑपरेटरसाठी हेडफोन. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आवाज वाढवण्याची सोय." अगं बाई! म्हणजे माझ्यासारख्या आणखीही आहेत?

धाकटी : असल्याशिवाय कुणी बनवेल का?

थोरली : परवा त्या बाळंतिणीच्या नवऱ्याचा फोन मी अपघात विभागात जोडला गं. बिचाऱ्याची पाचावर धारण बसली. तेव्हाच म्हटलं, आता पुरे.

धाकटी : पुरे बिरे काही नाही. घाल टोपलीत. इथे दाब. अगं एकदाच! टोपलीत अकरा हेडफोन झाले!

थोरली : थांब, दहा काढते. आता हे कारण विचारतंय. जुना बिघडलाय म्हणून लिहू?

धाकटी : मग जुन्यासारखाच नवा पाठवतील.

थोरली : पण खरं लिहिलं तर आमच्या मॅडमना कळेल ना!

धाकटी : कळणारच. मंजुरी त्याच देतात. राजीनाम्यात काय कारण लिहिणार होतीस?

थोरली : घरगुती अडचण.

धाकटी : घरी तर मीच असते! मी काय अडचण केली तुझी?

थोरली : सरक. लिहिते. "मला... कमी... ऐकू येतं." गेलं बाई! आता मी नाही बघणार तिकडे.

धाकटी : पाणी पी. मी बघते... ताई! ताई, मंजूर! हिरवं झालं! खाली मॅडमनी लिहिलंय, "आधी का नाही बोललात? मला वाटायचं, माझाच आवाज बसलाय!"

थोरली : खरंच असं लिहिलंय? दाखव. मला वाचू दे!

(पुढच्या आठवड्यात, हॉस्पिटलच्या टेलिफोनच्या खोलीत.)

धाकटी : आला म्हणे! जेवण टाकून धावत आलेय. कसं वाटतंय?

थोरली : अगं, काय सांगू! आत्ता वॉर्डातल्या सिस्टरचा फोन होता, तर मागे कुणीतरी चहा ढवळत होतं, तोही ऐकला मी! चमचा गं, चमचा!

धाकटी : दिवा लागला! घे, घे!

थोरली : नमस्कार, हॉस्पिटल... हॅलो?

धाकटी : काय झालं? येत नाहीये का ऐकू?

थोरली : शू! येतंय. कुणीतरी हुंदका आवरतंय... सावकाश बोला. मी ऐकतेय.