तांडेल मामाची नजर

मामाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणं म्हणजे काय ताप होता, ते माझं मला ठाऊक. मामा रेवदंड्याचा तांडेल, मासेमारी होडीचा म्होरक्या. मधुमेह जुना, आणि आता समोरचा माणूस नुसत्या आवाजावरून ओळखायचा. तरी होडी घेऊन जायचाच, सोबत चार खलाशी! शेवटी भांडून एस.टी.त घातला नि अलिबागला नेला. स्टँडवर माझी पाठ वळली तेवढ्यात गोड चहा ढोसलाच त्यानं.

दवाखाना अगदी किनाऱ्यालगत. डॉक्टरांनी खोलीत अंधार केला, डोळ्यांत बत्ती मारून बघितलं. म्हणाले, "साखरेमुळे डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरलंय. इन्शुलिन घ्या, पथ्य पाळा, तरच उरलेली नजर टिकेल. आणि होडी बंद."

मामा उखडला. "साखर लघवीत होती ना? डोळ्यात कशी चढली? मला सगळं दिसतंय."

"मग या खिडकीतून काय दिसतं, सांगा."

"समोर किल्ला हाय. ओहोटी लागलीय, होड्या रेतीवर बसल्यात."

मी कपाळाला हात लावला. "मामा, अंधार करायला खिडकी मघाशीच लावलीय!"

"मग उघड, आणि एक जरी चुकलं असलं तर बोल!"

उघडली. किल्ला, ओहोटी, रेतीवरच्या होड्या, सगळं बरोबर! तिथीवरून समुद्र तोंडपाठ असलेल्या माणसाला काय सांगणार, कपाळ?

"बघितलंस?" म्हणत मामा रुबाबात उठला, आणि दार समजून डॉक्टरांचं औषधांचं कपाट उघडायला लागला.