चाकांचा खरा आकडा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील संचालक मंडळी, आजचे सत्कारमूर्ती आणि आम्हा सर्वांचे अण्णा, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या वहिनी, आणि जेवणाकडे डोळे लावूनही टाळ्या वाजवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मी जोडणी विभागाची, अण्णा खरेदीतले. चाकं वेळेवर आली नाहीत, की आमची चाकांची खुर्ची नुसती खुर्ची उरते. म्हणून आमचं भांडण जुनं.

पुढे किती चाकं लागतील, हे आपण चाकं पुरवणाऱ्या कारखानदारांना, म्हणजे आपल्या चाकवाल्यांना, आगाऊ कळवतो. अण्णांच्या आधी हा आकडा फुगवून सांगायची रीत होती. माल कमी पडू नये, एवढाच हेतू! चाकवालेही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. आपण शंभर म्हटलं, की ते पन्नास धरायचे. दोघंही खोटे आणि कारभार सुरळीत. अण्णांनी पहिल्यांदा खरा आकडा सांगितला. चाकवाल्यांनी सवयीने तोही अर्धा केला आणि माझा विभाग ठप्प झाला. मी अण्णांना नाही नाही ते बोलले. वहिनी, त्याचे पडसाद घरी उमटले असतील, माफ करा.

मग अण्णा मला घेऊन थेट चाकवाल्यांच्या कारखान्यात गेले. चाकवाल्यांच्या पत्नीने स्टूल पुढे केलं. रबराच्या वासात बसून अण्णा म्हणाले, "मी सांगेन तोच आकडा धरा. बदलला, तर सगळ्यांआधी तुम्हाला कळवीन."

चाकवाले माझ्याकडे वळले. "ताई, हा माणूस खरंच असा आहे?"

"दुर्दैवाने, हो," मी म्हटलं.

त्यांनी विश्वास ठेवला. नवं यंत्र घेतलं, धाकट्या भावाला चांगली नोकरी सोडायला लावून हाताशी घेतलं. त्यानंतर माझं काम कधी अडलं नाही.

आणि मग वरच्या मजल्यावर ठरलं, की चाकं दुसरीकडून घ्यायची. धंद्यात गुप्तता पाळावी लागते, अध्यक्ष महोदय, एवढं मलाही कळतं. पण खरेदीच्याच माणसाला कळू नये? अण्णा जुनाच आकडा छातीठोकपणे सांगत राहिले आणि चाकवाले चाकं बनवत राहिले.

कळलं तेव्हा अण्णा तडक तिकडे गेले. चाकांच्या थप्प्या छताला टेकल्या होत्या. चाकवाले भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्हालाही सांगितलं नाही ना? मग बसा." अण्णांना बसवेना.

तो कारखाना आता बंद आहे. धाकटा भाऊ कुठल्याशा गोदामावर राखणदार आहे. अण्णांनी राजीनामा दिला. निमंत्रणपत्रिकेवर आपण 'स्वेच्छानिवृत्ती' छापलंय. शब्द भारदस्त आहे.

काल अण्णा कपाट आवरता आवरता मला म्हणाले, "मी खोटं बोललो असतो, तर त्याने अर्धंच धरलं असतं. आज तो तरला असता." धीर द्यायचं सोडून मी त्यांच्या फायली बांधायला घेतल्या. उद्या त्यांच्या खुर्चीवर नवा माणूस येईल. त्याला मी काय सांगू? खरं बोल, म्हणू?

मला बोलायची संधी दिलीत, मी ऋणी आहे. शुभेच्छा द्यायला उभी राहिले आणि भलतंच बोलून बसले. अधिकउणं पदरात घ्या. अण्णा, कालचं उत्तर द्यायचं राहिलंय. ते माझ्याकडे नाही.