शालीआधी एक प्रश्न

समारंभाचे अध्यक्ष विठ्ठलरावजी, व्यासपीठावरील वडीलधारी मंडळी, सत्कारमूर्ती डॉक्टर उद्धवराव आणि भैंसा गावातल्या माझ्या मायबहिणींनो, सर्वांना नमस्कार.

आपले डॉक्टरसाहेब आता नागपुरात मोठं कायरोप्रॅक्टिक केंद्र, म्हणजे मान-पाठीचे मणके हातानं बसवायचं केंद्र, काढत आहेत. इथल्या केंद्रात मी पदवी झाल्याबरोबर लागले. घरातली पहिली शिकलेली मी. मला साहेबांच्या एका नियमाचा फार अभिमान होता: मान दुखते, गरगरतं म्हणून कुणी आलं, की आधी विचारायचं, मगच मानेला हात लावायचा. दोन-दोन दिसतं का? जीभ जड होते का? ‘हो’ म्हटलं, की मेंदूकडे जाणाऱ्या नसेला धोका समजायचा, सरळ मोठ्या दवाखान्यात पाठवायचं.

गयाबाई मावशींना मी विचारलं, तर म्हणाल्या, ‘एक नवरा दिसते तोच लय झाला बाप्पा, दुसरा कायले दाखवतं!’ हसा, हसा. त्या इथेच बसल्या आहेत.

मग माझी आई आली, राहीबाई. भाजीची पाटी वाहून मान धरलेली, त्यात चक्कर. मी विचारणार तोच साहेब म्हणाले, ‘घरच्या माणसाची काय चौकशी करून राह्यली? बसा, राहीबाई.’

घरचं माणूस! मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू. साहेबांनी झटक्यात मान वळवली. तिथेच आईला उलटी झाली, तोंड वाकडं झालं, डावा हात लुळा पडला.

आदिलाबादच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, ‘कुणी मान वळवली होती का?’

‘नाही,’ साहेब म्हणाले, ‘पाटी उचलताना पडल्या.’

मी तिथल्या तिथे खरं सांगितलं. तर साहेब हसून म्हणाले, ‘पोरगी घाबरली आहे, काहीही बोलते.’ ज्यांनी मला विचारायला शिकवलं, त्यांना एका प्रश्नाचं उत्तर देववलं नाही? आजही बाजारात लोक आईलाच म्हणतात, ‘एवढी जड पाटी काऊन उचलली?’

साहेबांना शाल आईच्या हातून द्यावी, असं मंडळींनी ठरवलं आहे. जुनी पेशंट म्हणून. काल आई जड जिभेनं म्हणाली, ‘देतो मी शाल. पण मी पडली नवती, हे तेवढं त्याहीले सांगाले लाव.’

ती पहिल्या रांगेत आहे. शालीचं एक टोक ती धरेल, दुसरं मी. साहेब, त्याआधी एवढंच सांगा: त्या दिवशी माझ्या आईची मान कुणी वळवली?

आपण शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. लहान तोंडी मोठा घास झाला असेल, तर अध्यक्षांनी आणि आपण सर्वांनी पोटात घालावं.

माईक मी खाली ठेवत नाही. साहेबांकडेच आणून देते.