साडेसातीची अंगठी

हसा लेको, पण चाकावरची जाळी बसल्याशिवाय मी मशीन चालू करू देत नाही, ते उगाच नाही.

आमच्या साखर कारखान्यात ऊस वर नेणाऱ्या कॅरिअरच्या दातेरी चाकाजवळ एक चुंबकी सेन्सर आहे. समोरून जाणारा प्रत्येक लोखंडी दात तो मोजतो. मोजणी चुकली की मशीन आपोआप बंद. त्याच्याच भरवशावर मी जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवली होती.

एकदा मशीन अचानक थांबली. धावत गेलो, तर आमचे जुने ऑइलमन, शेळगावचे तात्या, चाकापाशी पांढरेफटक पडून उभे. ग्रीस पुसताना बाही दातांत अडकली होती. साडेसाती लागली म्हणून त्यांनी घोड्याच्या नालेची लोखंडी अंगठी घातली होती. हात ओढला जाताना तीच सेन्सरसमोर आली, मोजणी चुकली आणि हात वाचला.

बाही सोडवताना तात्यांनी विचारलं, "सायेब, अंगठी नसती तर?"

"तर मशीन थांबली नसती, तात्या. सेन्सरला फक्त लोखंड दिसतं. माणूस दिसत नाही."

तात्या बोटातली अंगठी चाचपू लागले. मग भोवती जमलेल्या कामगारांकडं बघत म्हणाले,

"मग ह्या बाकीच्यांचं काय, सायेब? त्येंना कुठं साडेसाती हाय?"